पेडल मक्खन

पाणी पोळलं नाही, एवढंच झालं. गणेशपुरीच्या कुंडात केसरीनाथने आधी डावा पाय घातला तेव्हा तो बोंबललाच होता. "आई ग!" म्हणून त्याने पाय असा वर घेतला की शेजारी बसलेल्या पंढरीच्या तोंडावर शिंतोडे उडाले. सगळे हसले. मग हसू ताजं आहे तोवर दुसरा पाय घालावा, आणखी मोठ्याने बोंबलावं, जमलं तर पंढरीलाच आत ओढावं, असा बेत करून त्याने उजवा पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडला, बोंब मारायला तोंड उघडलं, आणि बोंब आलीच नाही. तोंड उघडंच राहिलं. पाण्यावर वाफ होती. कठड्यावरची माणसं एक बोट बुडवून हात झटकत होती. आणि त्याचा पाय तिथे आत होता, दिसत होता, पाचीच्या पाची बोटं दिसत होती. पण तो पाय कुणीतरी त्याच्याकडे सांभाळायला ठेवून गेल्यासारखा गप्प होता.

सोंग घ्यायला त्याला कधीच वेळ लागत नसे. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची ती सवयच होऊन गेली होती. तोंड आधी हसायचं, डोकं मागून यायचं. त्याने उघडं तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून एखाद्या बाबाजीसारखा गंभीर होऊन बसला.

"काढ र, काढ," पंढरी ओरडला. "शिजंल तो."

"शांतता. समाधी लागते हाय."

"केसरीभाई, आदमी हो के पत्थर?" रियाजभाई म्हणाला. तो पँट दुमडून उभा होता, पण पाण्यात बोटसुद्धा घालायची त्याची छाती नव्हती.

पलीकडे कुठल्या तरी गावची एक म्हातारी नातवंडांना घेऊन बसली होती. तिने हातच जोडले. "देवीचा सत हाय त्याच्या अंगात. नायतर यवढा पानी कोन सोसंल?"

एरवी केसरीनाथला हे म्हणजे पंगतीचं जेवण. म्हातारीला आशीर्वाद दिला असता, नातवंडांचं भविष्य सांगितलं असतं, रियाजभाईकडून दक्षिणासुद्धा काढली असती. पण त्याने एक डोळा किलकिला केला तेव्हा त्याला वरच्या पायरीवर पिशवी घेऊन उभी असलेली माधवी दिसली. त्याची बायको हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे न बघता पाण्याकडे बघत होती. "पुरे आता," ती म्हणाली. "काढा पाय." त्याने काढला. घोट्याखाली लालभडक झाला होता. "चिंबोरी!" पंढरीने टाळी वाजवली. "उकडलेली चिंबोरी झाली र तुझी! आता मसाला लावला का झाला!" सगळे पुन्हा हसले, केसरीनाथ सगळ्यात मोठ्याने हसला, आणि हसता हसता त्याने टॉवेलने पाय पुसला तेव्हा टॉवेल फक्त हाताला खरखरीत लागला.

आले होते गाडी बघायला. म्हणजे गाडी भिवंडीतच बघून झाली होती, वंजारपट्टी नाक्याला रियाजभाईच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पांढरी, डिकीवाली, डिझेल, एकाच मालकाने वापरलेली. रियाजभाई जुन्या गाड्या विकायचा आणि त्याच्याकडची प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरची असायची. "इतने डॉक्टर तो जे जे में नहीं होंगे रियाजभाई," असं केसरीनाथने त्याला तोंडावर ऐकवलं होतं. पण ही गाडी खरंच बरी होती. केसरीनाथचा एक नियम होता: हायवेला सगळ्याच गाड्या गुणाच्या, मुलगी दाखवायला आणल्यासारख्या खाली मान घालून चालतात, गाडी काय चीज आहे ते वाडा रोडच्या खड्ड्यांत कळतं. म्हणून अंबाडीवरून वज्रेश्वरी, देवीचं दर्शन, गणेशपुरीला कुंडात पाय, आणि परत, असा बेत. माधवी बरोबर आली ती देवीसाठी. पंढरी आला तो फुकट चहासाठी. लहानपणापासून तो त्याच कामाला केसरीनाथबरोबर होता. आणि रियाजभाई आला कारण केसरीनाथच्या एकट्याच्या हातात गाडी दिली तर तो संध्याकाळी "चोरीला गेली" म्हणून फोन करील, याची त्याला खात्री होती. करणारच होता. वाक्यसुद्धा तयार होतं.

केसरीनाथचा धंदा मागाच्या सुट्या भागांचा. धोटे, पिकर, लाकडाचं न् चामड्याचं सामान. भिवंडीत दुकान, पण दुकानात तो बसत नसे. तो मालेगावला, इचलकरंजीला, जिथे जिथे लूम खडखडतात तिथे तिथे स्वतः गाडी घेऊन जायचा. लोक म्हणायचे, पार्सलने पाठव की. त्यांना काय कळणार? कसारा घाट उतरताना पहाटेचं धुकं, इगतपुरीच्या अलीकडचा तो चहावाला ज्याला केसरीनाथने तीन वर्षं आपण मुका आहोत असं पटवून ठेवलं होतं, आणि स्टिअरिंगमागची ती जागा, जिथे त्याला कुणाला हसवावं लागत नसे. तिथे तो तासन् तास गप्प असायचा. हे कुणालाच माहीत नव्हतं. माधवीलाही नाही, कारण ती कधी बरोबर आलीच नव्हती. जुन्या डब्यात, म्हणजे त्याच्या व्हॅनमध्ये, तिची कंबर धरायची. आता उन्नती, त्यांची मुलगी, इचलकरंजीला दिली होती, आणि तिला दिवस गेले होते, आणि माधवीला महिन्या-दोन महिन्याला तिकडे जायचं होतं. म्हणून ही गाडी. लांब जायला आरामशीर, डिझेल कमी खाणारी, परवडणारी. सगळं कसं सरळ होतं.

आंब्याखाली गाडी उभी होती तिथवर तो चालत गेला. चालायला काही नाही. पाय पुढे पडत होता, टेकत होता, उचलला जात होता. फक्त टेकल्याची बातमी गुडघ्यापर्यंत आल्यावर कळत होती, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला खालचं दार वाजलेलं कळावं तशी. दार उघडून तो बसला, चप्पल काढून मागे सारली. गाडी तो नेहमी अनवाणी चालवायचा. त्यावर त्याचं व्याख्यानच होतं, पंढरीला पाठ झालेलं: गाडी बुटाने चालवतो तो ड्रायव्हर न्हाय, हमाल, पायाला कळलं पायजे, गाडी काय बोलते ते.

"क्यों, पसंद है ना?" रियाजभाई शेजारी बसत म्हणाला. "आते टाइम देखा ना, पेडल? मक्खन!"

"मक्खन," केसरीनाथ म्हणाला.

येताना त्याने तेच विचारलं होतं. अनगावच्या पुढे, मोकळा रस्ता लागल्यावर, त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "रियाजभाई, पेडल जरा जास्तीच सॉफ्ट हाय का?" आणि रियाजभाईने मक्खन म्हणून मांडीवर थाप मारली होती. त्याला बरं वाटलं होतं. पेडल सॉफ्ट आहे. म्हणजे गाडीत आहे जे काय आहे ते. डब्याचं वेगळं होतं. डब्याचं इंजिन सीटखालीच, त्याचा एकेक ठोका कुल्ल्याला लागायचा, पत्रा न् पत्रा वाजायचा; ॲक्सिलेटर किती दाबलाय ते पायाला विचारायची गरजच नव्हती, अख्खी गाडी ओरडून सांगायची. या गाडीत काचा वर केल्या की घरात बसल्यासारखं. गाडी काही बोलतच नव्हती. आणि आता, चावी फिरवताना, त्याच्या डोक्यात एकदम लख्ख झालं की गेलं वर्षभर तो पायाने गाडी चालवतच नव्हता. कानाने चालवत होता. त्या खटाऱ्याने त्याला सांभाळून घेतलं होतं, दारुड्याला त्याचा बैल घरी आणतो तसं.

गाडी निघाली. क्लच डावा पाय, तो बरोबर. उजव्या पायाकडे त्याने खाली वाकून पाहिलं. ॲक्सिलेटरवर होता. वर बघितलं, रस्ता. खाली बघितलं, पाय. वर. "काय पडला काय?" पंढरीने मागून विचारलं. "तुझी अक्कल शोधतोय," केसरीनाथ म्हणाला. पंढरी हसला. गाडी वज्रेश्वरीच्या दिशेने लागली, दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेतं, भाताच्या पेंढ्याच्या उडव्या, मधूनच एखाद्या दारात लाल मिरच्या वाळत घातलेल्या. किती बारीकसारीक दिसत होतं. डोळे कसे टकटकीत होते, कान तिखट, हात स्थिर. सगळा माणूस जागेवर होता, फक्त टोकाला एक वीतभर भाग सुट्टीवर गेला होता. तेवढाच नेमका. शरीर मस्करी करतं आपल्याशी, आणि मस्करी करणाऱ्याला कळतं की ही कुणातरी पोचलेल्या माणसाची मस्करी आहे: नेमकी जागा हेरून केलेली, आणि लांबवलेली.

मालेगावला चप्पल सुटली होती, ती गोष्ट आठवली. पावसाळ्यानंतरची गोष्ट. सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगवाल्याच्या दारातून चहाच्या टपरीपर्यंत तो चालत आला, आणि टपरीवरची माणसं हसायला लागली. खाली बघतो तर एकाच पायात चप्पल. दुसरी मागे रस्त्याच्या मधोमध, एकटीच, नाक वर करून उभी. "ये क्या फॅशन है केसरीसेठ?" तेव्हाही तोंड आधी धावलं होतं. "आज एका पायाचा उपास हाय," असं म्हणून त्याने तो पाय बाकावर घेतला होता, आणि चहा पिऊन होईपर्यंत खाली टेकवला नव्हता. पुढच्या खेपेला लोकांनी विचारलं, काय, उपास सुटला का. गोष्टच झाली त्याची. हसू आलं की माणूस आत बघत नाही, हे त्याला बाकीच्यांच्या बाबतीत माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाला होता? साखर बॉर्डरवर आहे. "बॉर्डरवर आपला जवान उभा हाय, काळजी नको," असं तो घरी येऊन म्हणाला होता, आणि पेढा तोंडात टाकला होता. माधवी तेव्हा हसली होती. हसली होती ना? त्याला आता तिचा चेहरा आठवेना. पेढा आठवत होता.

"कितना देती है बोला?" पंढरीने मागून हिंदी झाडलं. त्याला सगळं माहीत होतं, तरी पुन्हा पुन्हा ऐकायला आवडायचं.

"अठरा. हायवे को बीस. पैर हल्का रखो तो उससे भी ऊपर," रियाजभाई म्हणाला. "सब पैर का खेल है, पंढरीभाई. गाड़ी सबकी एक जैसी, पैर अपना अपना."

केसरीनाथने काटा बघितला. साठ. त्याने साठ केले नव्हते. चाळीस वाटत होते. त्याने पाय उचलला; मांडीने उचलला, खुब्यापासून, चिखलातून गमबूट काढतात तसा. गाडी मंदावली. मग पाय ब्रेकवर ठेवायचा म्हणून उजवीकडून डावीकडे सरकवला, आणि ठेवला, आणि कुठे ठेवला ते कळेना. खाली बघायचं तर समोरून उसाच्या मोळ्या लादलेला टेम्पो येत होता. त्याने मांडीने दाबलं. गाडी दचकली, सगळे पुढे झुकले. ब्रेकच होता. "हळू," माधवी मागून म्हणाली. एकच शब्द. ती त्याच्या बरोबर मागे बसली होती, तिचा श्वास त्याला मानेवर लागत नव्हता, पण लागतो आहे असं वाटत होतं.

थांबवावी का गाडी? सांगावं का, रियाजभाई, तुम्ही घ्या? हे वाक्य त्याने मनात म्हणून पाहिलं. ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं की पुढे काय होणार ते त्याला पायरी पायरीने दिसत होतं: आज रियाजभाई चालवील, उद्या कुणी पोरगा पगारावर ठेवावा लागेल, तो कसारा घाटात मोबाइलवर बोलेल, इगतपुरीच्या चहावाल्याला सांगेल की आमचे शेठ चांगले बोलतात की, आणि केसरीनाथ मागे सामानाच्या खोक्यांशेजारी बसून, हसवत बसेल त्याला, इचलकरंजीपर्यंत, कारण दुसऱ्या माणसाच्या शेजारी बसून गप्प राहणं त्याला येत नव्हतं. ती एकच जागा होती. तेवढी कशी सोडायची? तीस किलोमीटर तर आहे. आजपर्यंत काय झालं? काही झालं नाही. पायाची नुसती नस दबली असेल. कुंडाचं पाणी आज कोमट असेल. मग पाय लाल कशाने झाला, ते तो स्वतःला विचारत नव्हता; पण पाय त्या तिकडे खाली, अंधारात, लाल होऊन बसला होता, आणि मधूनमधून खाली बघताना त्याच्या अंगठ्यामागे एक पांढुरका फुगा वर येताना त्याला दिसला होता. फोड. दुखत नव्हता. दुखला असता तर त्याने देवीला नारळ फोडला असता.

अंबाडीला बाजाराची गर्दी होती. वाड्याकडून येणारी एसटी वळत होती, रिक्षा आडव्या, रस्त्याच्या कडेला बाया वालाच्या शेंगांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. त्याने दुरूनच ठरवलं की इथे हळू. पाय उचलला, सरकवला, ठेवला, दाबला. इंजिन गुरगुरलं. घरात कुत्रं गुरगुरावं तसं लांबून, काचेपलीकडून. गाडी मंदावायच्या ऐवजी पुढे सरसावली आणि त्याने आणखी दाबलं, कारण ब्रेक लागत नसला की माणूस आणखीच दाबतो, आणि गाडी आणखी पुढे गेली. एसटीची लाल बाजू काचेत मोठी होत होती. रियाजभाई काहीतरी ओरडला. शेंगावाली उठून उभी राहात होती, तिचा एक हात टोपलीवर, तोंड उघडं, आणि केसरीनाथला तिच्या नाकातली नथ दिसली, नथीतला हिरवा खडा दिसला, एवढा वेळ होता त्याच्याकडे, सगळ्यासाठी वेळ होता, फक्त स्वतःचा पाय कुठे आहे हे शोधायला वेळ नव्हता. डाव्या हाताने त्याने हँडब्रेक उपसून काढावा तसा ओढला. गाडी किंचाळली, मागून आडवी झाली, आचका देऊन बंद पडली. पुढच्या बंपरने टोपली नुसती ढकलली. शेंगा रस्त्यावर पसरल्या. बाई तशीच उभी होती. मग तिला आवाज फुटला.

"मेल्या, डोले फुटले का तुजे!"

 रियाजभाईचे दोन्ही हात डॅशबोर्डवर चिकटले होते. केसरीनाथने खाली बघितलं. पाय ॲक्सिलेटरवरच होता, बोटं अर्धी घसरलेली, आरामात पडलेला. ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबलेला. ओकारी येतेय की रडू ते त्याला कळलं नाही, आणि तोंड उघडल्यावर जे बाहेर आलं ते हसणं होतं.

"कशी?" तो टाळ्या वाजवत म्हणाला. "कशी जिरली? रियाजभाई, कलमा पढलं का न्हाय? खरा सांग!"

 पंढरीने मागून त्याच्या डोक्यात चापट मारली. "हरामखोर! साल्या, मारला असता ना!" आणि हसायला लागला, सुटकेचं, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. रियाजभाईने छातीवर हात ठेवून अल्लाचं नाव घेतलं आणि तोही हसला, जरा रडकं. "ये आदमी है के आफत? केसरीभाई, गाड़ी अभी मेरी है, हां! अभी आपने ली नहीं!" शेंगावालीला पैसे देऊन पंढरीने सगळ्या शेंगा उचलल्या, ती अजून शिव्या घालत होती, आणि आजूबाजूची माणसं "केसरीनाथ हाय तो, भिवंडीवाला, त्याचा असाच असतं," असं एकमेकांना कौतुकाने सांगत होती. आरशात त्याला माधवी दिसली. तिने दोन्ही हातांनी समोरच्या सीटची, त्याच्या सीटची, पाठ धरली होती. अजून धरलेलीच होती.

गाडी बाजूला घेतली. म्हणजे रियाजभाईने उतरून ढकलली, पंढरीने हात लावला. चहा आला. केसरीनाथ बाकावर बसला, पाय समोर लांब करून. आता सांगायचं. सोंग नाही, काही नाही, सरळ सांगायचं, जसं दुसरी माणसं सांगतात. ती कशी सांगतात? त्याने पंढरीचा दंड धरला.

"पंढरी, ऐक. मस्करी न्हाय."

"हां."

"मगाशी मस्करी नवती. मना उजव्या पायाला कायच कळत न्हाय. पाय कुठं हाय त्येच कळला न्हाय."

पंढरीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. ज्या माणसाने त्याच्या हळदीच्या दिवशी बँडवाल्यांना भलत्याच गावाला धाडलं होतं, ज्याने एकदा दुकानात छाती धरून मेल्याचं सोंग घेतलं होतं आणि पंढरी ऊर बडवायला लागल्यावर एक डोळा उघडून "जोरात बडव" म्हटलं होतं, त्या माणसाच्या तोंडाकडे. आणि पंढरीच्या ओठांच्या कडा थरथरायला लागल्या. "न्हाय का?" तो म्हणाला. "बघू." त्याने वाकून केसरीनाथच्या अंगठ्याला नख लावलं. जोरात. मग दुसऱ्या बोटाला. पाय हलला नाही. "आयला!" पंढरी उठलाच. "रियाजभाई, इधर आव! देखो क्या कंट्रोल है! हिलता भी नहीं!" रियाजभाई आला. त्यानेही चिमटा काढून बघितला. चहावाला आला. कुणीतरी म्हणालं, गणेशपुरीच्या कुंडात पण ठेवला होता म्हणे, बघा लाल झालाय. बघता बघता सात-आठ डोकी पायाभोवती जमली. केसरीनाथ वरून बघत होता. त्याच्या पायाला माणसं चिमटे काढत होती आणि वाहवा करत होती. त्याला ओरडायचं होतं की पुरे, अरे खरंच नाही कळत, आणि त्याने तोंड उघडलं आणि त्याचं तोंड म्हणालं, "पाच रुपये तिकीट. बायकांना अर्धा." लोक फुटले. आणि त्याला भीती वाटली. एसटी काचेत मोठी होताना वाटली नव्हती तेवढी. पाय गेला होता तो गेलाच होता. पण हे तोंडही त्याचं राहिलं नव्हतं.

तो उठला. तोंड घट्ट मिटून उठला, कारण आता ते उघडलं की काय बाहेर येईल त्याचा भरवसा नव्हता. गाडीपाशी गेला. माधवी गाडीला टेकून उभी होती, शेंगांची पिशवी हातात. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. इतक्या वर्षांत तिला किती वेळा खोटं उत्तर मिळालं होतं ते त्या न विचारण्यात होतं. तो तिच्या शेजारून पुढे गेला, ड्रायव्हरच्या दारापाशी जरा थांबला, आणि मागचं दार उघडलं. आत बसला. पाठ टेकली. सीट खालीवर दाबून बघितली.

"रियाजभाई," तो म्हणाला. आवाज फाटका आला. "पिछे का सीट कैसा है? लंबा जाने को? इचलकरंजी तक कमर पकडेगा क्या?"

"पीछे?" रियाजभाई चहाचा ग्लास हातात घेऊन आला. "पीछे तो एकदम आराम है, सोफा समझो. लेकिन आप क्यों पीछे का पूछते हो? आप तो आगे बैठोगे."

"बैठता है मैं. पिछे. चावी आत हाय. तुम्ही चलवा."

रियाजभाईने पंढरीकडे पाहिलं. पंढरीने डोळा मारला. मग दोघांनी जे केलं ते बघताना केसरीनाथला वाटलं आपणच कुठेतरी वर बसून हे लिहून दिलंय. रियाजभाईने ड्रायव्हरची सीट हाताने चाचपली, खाली काही ठेवलंय का बघितलं. पंढरीने पुढच्या सीटखाली डोकं घातलं. "बेडूक असंल, न्हायतर फटाका," तो म्हणाला. चावी फिरवताना रियाजभाईने कान बंद केल्यासारखे खांदे वर घेतले. काही झालं नाही. गाडी गुपचूप चालू झाली. माधवी दुसऱ्या बाजूने आत येऊन बसली, पिशवी पायाशी ठेवली. केसरीनाथने उजवा पाय मुडपून सीटवर घेतला, खाली कुठे लोंबत राहील याची खात्री नव्हती म्हणून.

खरंच आराम होता मागे. हेच वाईट होतं. खड्डे कळत नव्हते, रस्ता एखाद्याने सांगितलेल्या गोष्टीसारखा लांबून येत होता आणि बाजूने निघून जात होता. समोर रियाजभाईचा टाळूवरचा चंद्र, त्याचे हात स्टिअरिंगवर सैल, गिअर बदलायला जरा उशीर करत होता. डिझेल जास्ती खाणार अशाने, हे केसरीनाथच्या ओठावर आलं आणि त्याने ते गिळलं. दिघाशीचा फाटा गेला. पंढरी पुढे बसून सारखा मागे वळून बघत होता, आधीच हसत, पडदा वर जायच्या आधी पोरं हसतात तसा. "आता काय करतंय बघू," तो रियाजभाईला म्हणाला. "अनगावला काय तरी करंल." अनगाव आलं. रस्त्याच्या कडेला पोरं क्रिकेट खेळत होती. केसरीनाथ खिडकीतून बघत राहिला. "कवाडला," पंढरी म्हणाला, "कवाडला पक्का. त्याची टायमिंग असते." रियाजभाई दोन वेळा आरशात बघून गाडी उगाच हळू करत होता, आता ओरडेल, आता दार उघडेल, आता मेल्याचं सोंग घेईल म्हणून. कवाड मागे पडलं. यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला, आधी एकाददुसरी शेड, मग ओळीने, काच बंद असूनही आत शिरणारा. त्या आवाजात तो जन्माला आला होता. आज तो आवाज सीटमधून, पाठीतून, डाव्या तळव्यातून वर येत होता, आणि उजवीकडे त्याला जागाच मिळत नव्हती.

"तो क्या, केसरीभाई," शेवटी रियाजभाईनेच विचारलं, जरा जपूनच. "लेंगे ना गाड़ी?"

"लेंगे."

"पक्का?"

"पक्का. तुमारी भाभीको कमर का तकलीफ है. पिछे आराम है."

"और चलाएगा कौन?"

 केसरीनाथने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, एक चांगला जोक जिभेवर येऊन बसला होता, ताजा, तिखट, शेलारपर्यंत पुरला असता. तो तसाच जिभेवर ठेवून त्याने तोंड मिटलं.  एवढा वेळ कुणी न बोललेलं त्या चौघांमध्ये कधी झालं नव्हतं, आणि ते कसं भरून काढायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते काम कायम एकाच माणसाचं होतं.

शेलारच्या वळणावर पंढरी अख्खाच मागे वळला. त्याच्या तोंडावर हसू अजून होतं, पण ते आता कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखं तिथे पडलं होतं.

"केसऱ्या," तो म्हणाला. "बस झाला र. हस ना आता."

केसरीनाथने मान खाली घातली. तेव्हा त्याला दिसलं की माधवीचा हात त्याच्या उजव्या पायावर आहे. तळव्याखालून बोटं घालून, अंगठ्यामागचा फोड टाळून, तिने तो घट्ट धरला होता. इतका घट्ट, की तिच्या नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. अंबाडीपासून धरला होता की आत्ता, त्याला कळलं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"हस ना," पंढरी पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "वहिनी, सांगा ना त्याला."

"पंढरीभावजी," माधवी म्हणाली, "तुमी पुढं बघा."